क्रँकखालची दोन मिलिमीटर : नितीन गडकरी यांना खुले पत्र

मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली.



मिरजेत माझे क्रँक ग्राइंडिंगचे आणि इंजिन बोअरिंगचे वर्कशॉप आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतली गॅरेजवाली मंडळी खोललेली इंजिने आमच्याकडे पाठवतात. क्रँक, कॉनरॉड, ब्लॉक टेबलावर येतात; आम्ही मापे घेतो, काय झिजले ते सांगतो आणि दुरुस्त करून देतो. वडिलांच्या वेळी या टेबलावर विहिरींवरची ऑइल इंजिने असत. मग ट्रॅक्टर आले, ट्रक आले. आता टर्बो पेट्रोल मोटारी येऊ लागल्या आहेत, आणि त्यांतल्या काही फार लवकर येत आहेत. त्याबद्दल हे पत्र.

तक्रार शेल बेअरिंगची आहे. क्रँकशाफ्ट ज्या अर्धगोल पत्र्यांवर फिरतो, तेच हे शेल. पाठ पोलादाची, आतून तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा थर आणि बऱ्याचदा त्यावर आणखी एक मऊ, पातळ थर. सगळे मिळून जाडी दोन मिलिमीटरच्या आत. एरवी ही वस्तू इंजिनाच्या सबंध आयुष्याची सोबतीण असते. नीट वापरलेल्या गाडीचे इंजिन दोन लाख किलोमीटरला खोलले तरी शेलवर कंपनीचा मूळ राखाडी रंग दिसतो. तीच वस्तू साठ हजारांच्या आत संपलेली दिसली की कुठेतरी काहीतरी चुकले आहे, हे उघड असते. कोणाचे चुकले, एवढाच प्रश्न उरतो.

गेल्या गळीत हंगामात साताऱ्याहून असाच एक क्रँक आला. तीन सिलिंडरचे टर्बो इंजिन, तरुण मालक, वॉरंटी नुकतीच संपलेली. सर्व्हिस पुस्तकात सगळे शिक्के कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरचे, एकही तारीख चुकलेली नाही. मी कॉनरॉडचे शेल काढून ओळीने मांडले. वरच्या शेलांचा राखाडी थर मधोमध उडालेला, खालून तांब्याचा लालसर रंग वर आलेला, आणि त्या लाल पट्ट्याच्या कडा आरशासारख्या चकचकीत. खालचे शेल मात्र जवळजवळ नवे. इंजिनात कचरा फिरला असता तर दोन्ही अर्ध्यांवर ओरखडे उठले असते. तेल पूर्ण संपले असते तर शेल काळेनिळे पडून फिरले असते. इथे फक्त वरचा अर्धा, म्हणजे स्फोटाचा दाब ज्याच्यावर येतो तोच अर्धा, शांतपणे घासून गेला होता. क्रँकच्या जर्नलला, म्हणजे शेलमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागाला, साधे पॉलिश पुरेसे होते, ग्राइंड करण्याचीही गरज नव्हती. नवे शेल बसवले की इंजिन पुन्हा चालू, एवढेच काम.

पण शेल मिळेनात. कंपनीचे उत्तर असे की बेअरिंग सुटे विकत नाही, हाफ इंजिन घ्या. क्रँकवर आणि ब्लॉकवर मापाच्या खुणा कोरलेल्या असतात. कोणत्या खुणेला कोणत्या जाडीचा शेल बसतो याचा तक्ता असतो. तो तक्ता बाहेर देत नाही, हेही उत्तर मिळाले. मूठभर पत्र्यांसाठी त्या मुलाला ब्लॉक, पिस्टन, क्रँक असा सगळा संच विकत घ्यावा लागला, तोही कर्ज काढून घेतलेल्या गाडीसाठी, हप्ते अजून चालू असताना.

साहेब, आपण इंधनावर, इंजिनांवर आणि रस्त्यांवर तपशिलात बोलता, म्हणून मीही थोडा तपशील मांडतो.

बेअरिंग आणि क्रँक एकमेकांना टेकतच नाहीत, निदान टेकू नयेत. मध्ये तेल असते. १८८३ च्या सुमारास बीचम टॉवर या इंग्रज अभियंत्याने रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगला तेल घालण्यासाठी वरून भोक पाडले, तर तेल आत जाण्याऐवजी बाहेर उसळले. बूच मारले तर तेही ढकलून दिले. फिरणारा दांडा स्वतःच तेलाची पाचर ओढून घेतो, त्या पाचरीत प्रचंड दाब तयार होतो आणि दांडा त्यावर तरंगतो, हे तेव्हा लक्षात आले. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचे गणित मांडले. आजचे प्रत्येक इंजिन त्याच गणितावर चालते. त्यातली कामाची गोष्ट अशी : तेलाचा थर तीन गोष्टींवर टिकतो. दांडा किती वेगाने फिरतो, तेल किती दाट आहे आणि वरून भार किती आहे. वेग कमी झाला, तेल पातळ झाले किंवा भार वाढला, की थर बारीक होतो. भरल्या दाबाखाली तो एक-दोन मायक्रॉनवर येतो. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास असतो.

जुन्या पेट्रोल इंजिनाला जोर येण्यासाठी मिनिटाला चार हजार फेऱ्यांपर्यंत पळवावे लागे. टर्बोने ते बदलले. आपल्याकडे चाकणला बनणाऱ्या एका दीड लिटरच्या टर्बो गाडीचा पूर्ण टॉर्क, २५० न्यूटन मीटर, १६०० फेऱ्यांनाच हजर असतो. चालवणाऱ्याला तीच मजा वाटते आणि त्यात गैर काही नाही. पण बेअरिंगच्या बाजूने बघा. पाऊणशे मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर शंभर बारचा दाब आला, तर साडेचार टनांच्या आसपास भार होतो. तो भार येतो त्या क्षणी क्रँक रेंगाळत फिरत असतो, म्हणजे तेलाची पाचर सर्वांत अशक्त असताना.

आता हे आमच्या रस्त्यावर आणा. ऊस तोडणी सुरू झाली की कराड, इस्लामपूर, वाळवा, पलूस, तासगाव, कुठेही जा. पुढे दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर असतो. मागची टर्बो गाडी चौथ्या गिअरमध्ये बाराशे-तेराशे फेऱ्यांवर रखडते. समोर जरा मोकळी जागा दिसली की चालक गिअर न बदलता पाय दाबतो. इंजिनही तक्रार न करता ओढते, कारण टर्बो आहे. यवतेश्वरचा घाट चढताना, वाईहून पसरणीचा घाट चढताना हेच होते. त्यातच कधी ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटते आणि दाब नेहमीच्या दुपटीवर जातो. तेल बनवणाऱ्यांना हा आजार इतका गंभीर वाटला, की त्यासाठी २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये एपीआय या अमेरिकी संस्थेच्या तेलाच्या प्रतीच बदलाव्या लागल्या. २०२० ची प्रत म्हणजे डब्यावर लिहिलेले ‘एसपी’. तालुक्याच्या दुकानात तेल घेणाऱ्या किती जणांना त्या दोन अक्षरांचा अर्थ कोणी सांगितला आहे?

तेलाची गोष्ट तर याहून नाजूक आहे. मायलेज आणि धुराचे आकडे चांगले यावेत म्हणून कंपन्या अधिकाधिक पातळ तेलाकडे गेल्या. ०डब्ल्यू-२० तेलाचा गरम अवस्थेतला किमान दाटपणा, १५० अंशांवर आणि जोराच्या घर्षणात मोजलेला, २.६ एकक धरला जातो. ०डब्ल्यू-४० ला तोच ३.५ लागतो. हा फरक बेअरिंगच्या थरात उतरतो. त्यात थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत थोडे पेट्रोल भिंतीवरून घसरून तेलात मिसळते. गाडी लांब पळाली तर तेल तापून ते उडून जाते. सांगलीत विश्रामबागेतून मारुती चौक आणि परत, एवढीच जिची धाव, त्या गाडीचे तेल कधीच पुरते तापत नाही. पातळ तेल आणखी पातळ होत राहते. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या इंजिनाच्या प्रत्येक सुरुवातीला थर पुन्हा शून्यातून बांधावा लागतो, ते वेगळेच. आणि सर्व्हिस पुस्तक सांगते : पंधरा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष. त्याच पुस्तकात कुठेतरी मागे लिहिलेले असते, की धूळ, घाट, कमी अंतर, सतत थांबत चालणे अशा ‘कठीण वापरात’ तेल लवकर बदला. सातारा-सांगलीत याहून वेगळा वापर आहे कोणाचा?

इथेनॉलचाही उल्लेख करतो, आणि विरोधासाठी करत नाही. आमच्या दोन जिल्ह्यांतल्या साखर कारखान्यांना आणि ऊस उत्पादकांना आपल्या इथेनॉल धोरणाने आधार दिला. माझ्या नातेवाइकांच्या उसाचे पैसेही त्यातून आले. पण इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि न तापणाऱ्या इंजिनात ते पाणी तेलात राहते. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आले आहे, तेव्हा तेल बदलण्याची मुदत पुन्हा तपासायला हवी, तीही आपल्या हवेत आणि आपल्या रस्त्यांवर. पुण्यात एआरएआयसारखी १९६६ पासूनची वाहन-संशोधन संस्था आहे. टर्बो गाडीचे तेल सहा महिने उसाच्या ट्रॉल्यांमागे आणि गावातल्या गावात चालवून तपासणे तिला अवघड नाही. तेलात तांबे, कथिल किती आले हे प्रयोगशाळेत सरळ मोजता येते.

दोष सगळा कंपन्यांचा नाही, हेही लिहिले पाहिजे. माझ्याकडे येणाऱ्या काही क्रँकांच्या मालकांनी गाडीचा संगणक ‘रिमॅप’ केलेला असतो. लॅपटॉप लावून टर्बोचा दाब वाढवायचा, तीस-चाळीस टक्के जादा टॉर्क घ्यायचा आणि तोही खालच्या फेऱ्यांतच. रिमॅप करणारा डायनोचा कागद देतो. शेलवर किती भार वाढला हे त्या कागदावर नसते. स्पोर्ट्स गाडीचे वेड मला कळते. कासच्या रस्त्यावर पहाटे अशी गाडी चालवणे किती आनंदाचे असते, हे मी जाणतो. त्या पोरांना मी टेबलाशी उभे करून शेल हातात देतो आणि सांगतो : दोन हजार फेऱ्यांच्या खाली पूर्ण पाय दाबू नका, गिअर खाली घ्या, तेल पाच-सात हजार किलोमीटरला बदला आणि काढलेला फिल्टर कापून त्याच्या घड्यांत सोनेरी चुरा दिसतो का ते बघा. बहुतेक जण ऐकतात. पण साताऱ्याच्या त्या मुलाने यातले काहीच केले नव्हते. त्याने पुस्तक पाळले होते.

हा फक्त आपल्याकडचा आजार नाही. ह्युंदाईच्या ‘थीटा २’ इंजिनांत, ज्यात दोन लिटरचे टर्बोही होते, क्रँकच्या तेलाच्या वाटांत कारखान्यातलाच कीस राहिला आणि कॉनरॉडची बेअरिंगे गेली. अमेरिकेत २०१५ च्या सप्टेंबरात सुमारे पावणेपाच लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. २०१७ मध्ये ह्युंदाई आणि किया मिळून आणखी दहा लाखांहून अधिक. रिकॉल वेळेत आणि पुरे केले नाहीत म्हणून २०२० मध्ये तिथल्या रस्ते सुरक्षा यंत्रणेने दोन्ही कंपन्यांवर मिळून २१ कोटी डॉलरची दंडात्मक कारवाई केली. हे बाहेर काढणारा किम ग्वांग-हो हा ह्युंदाईचाच अभियंता होता. त्याला २०२१ मध्ये दोन कोटी चाळीस लाख डॉलरहून मोठे बक्षीस मिळाले. पुढे कंपनीने नॉक सेन्सरलाच बेअरिंगची थरथर ऐकायला शिकवणारे सॉफ्टवेअर गाड्यांत घातले, म्हणजे क्रँक जाम होण्याआधी इशारा मिळावा. टोयोटाने २०२४ मध्ये अमेरिकेत ट्विन टर्बो व्ही-सिक्स इंजिनाच्या एक लाखाहून अधिक गाड्या परत बोलावल्या. कारण तेच, कीस आणि मेन बेअरिंग. आणि २०२५ मध्ये जनरल मोटर्सने ६.२ लिटरच्या व्ही-एट इंजिनाच्या सुमारे सात लाख गाड्या परत बोलावल्या. ते टर्बो नाही, पण उपाय लक्षात घेण्यासारखा आहे. तपासणीत ज्यांचे इंजिन ठीक निघेल त्यांना ०डब्ल्यू-२० काढून ०डब्ल्यू-४० भरायचे. पातळ तेलाचा हट्ट सोडल्याचीच ती कबुली आहे, असे मी मानतो.

या तिन्ही प्रकरणांत तिथल्या सरकारचे म्हणणे एकच होते : पळत्या गाडीचे इंजिन अचानक बंद पडणे ही सुरक्षेची बाब आहे. आपल्याकडे ती अजून ‘मेंटेनन्सची’ बाब आहे. मोटार वाहन दुरुस्ती कायदा, २०१९ ने ११०अ हे कलम आणले, आणि १ एप्रिल २०२१ पासून सात वर्षांच्या आतल्या सदोष गाड्या परत बोलावण्याचे नियम लागू झाले. दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. हे आपल्याच मंत्रालयाचे काम, आणि चांगले काम. पण सरकारने स्वतःहून आदेश देण्यासाठी ठराविक संख्येने तक्रारी जमाव्या लागतात. बेअरिंग गेलेला मालक तक्रार कुठे करतो? त्याला सर्व्हिस सेंटरमध्ये ‘ऑइल लेव्हल ठेवली नाही’ असे सांगितले जाते, तो खचतो आणि पैसे भरतो. त्याच्या गाडीचा शेल कोणी बघत नाही, मोजत नाही, नोंदवत नाही. बदललेले हाफ इंजिन भंगारात जाते आणि पुरावाही त्याच्यासोबत जातो.

साताऱ्याहून पुण्याकडे जाताना खंबाटकीचा जुना बोगदा लागतो. आत कडेला थांबायला जागा नाही. त्यात ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्या गाडीचा कॉनरॉड ब्लॉक फोडून बाहेर आला, गरम टर्बोवर तेल सांडले आणि मागून ट्रक आला, तर काय होईल हे आपल्याला मी सांगायला नको. तिथला नवा जोडबोगदा आपल्याच खात्याने हाती घेतला आहे. तो रुंद असेल, पण बंद पडलेले इंजिन तिथेही बंदच पडेल.

सुट्या भागांबद्दल तर निकाल होऊनही दशक उलटले. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड केला, तो याच कारणासाठी : सुटे भाग आणि निदानाची साधने खुल्या बाजारात मिळू न देणे. प्रकरण पुढे अपिलांत गेले. २०२२ च्या डिसेंबरात ग्राहक व्यवहार खात्याने ‘राइट टू रिपेअर’चे पोर्टल सुरू केले, मोटारींचा त्यात समावेश आहे. तो विभाग आपला नाही, हे मला ठाऊक आहे. पण गाडीला रस्त्यावर येण्याची मंजुरी आपल्या नियमांखाली मिळते. शेल सुटे विकले पाहिजेत, मापांचा तक्ता खुला पाहिजे आणि कठीण वापराची तेलाची मुदत सर्व्हिस पुस्तकाच्या पहिल्या पानावर, राज्याच्या भाषेत छापली पाहिजे, या अटी त्या मंजुरीला जोडता येतील.

मापे घेऊन शेल बसवण्याचे काम आम्हाला जमणार नाही, असे कोणी म्हणेल तर त्याला या भागाचा इतिहास दाखवावा लागेल. किर्लोस्करवाडी १९१० ची. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने स्वातंत्र्याच्या आधीच डिझेल इंजिने बनवली. त्या काळची बेअरिंगे व्हाइट मेटल ओतून, निळे लावून, हाताने स्क्रेप करून बसवणारे मिस्त्री इथे होते; माझे वडील त्यांच्याच हाताखाली शिकले. सांगलीचे वालचंद कॉलेज १९४७ चे, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे. कराडच्याच कल्याणी घराण्याने काढलेली भारत फोर्ज आज जगभरच्या कंपन्यांना क्रँकशाफ्ट पुरवते. शेजारी कोल्हापुरात मेनन बेअरिंग्ज द्विधातूची इंजिन बेअरिंगे बनवते. क्रँक आमचा, बेअरिंग आमचे, तपासणारी माणसे आमची. आणि आमच्याच गिऱ्हाइकाला मात्र माप सांगितले जात नाही.

माझी विनंती मोठी नाही. सात वर्षांच्या आतल्या गाडीचे बेअरिंग गेले आणि इंजिन किंवा हाफ इंजिन बदलले, तर त्याची नोंद, काढलेल्या शेलच्या छायाचित्रासह, आपल्या रिकॉल पोर्टलवर करण्याची सक्ती सर्व्हिस सेंटरवर घालावी. तक्रार करण्याचे ओझे मालकावर ठेवू नये. नोंदी जमल्या की कोणत्या इंजिनात दोष आहे आणि कोणत्या चालकाची सवय वाईट आहे, हे आपोआप वेगळे होईल. कंपन्यांनाही विनाकारण बदनामी सोसावी लागणार नाही. आणि एआरएआयला वीस टक्के इथेनॉलवर चालणाऱ्या टर्बो इंजिनांच्या तेलाची चाचणी करायला सांगून तिचा अहवाल लोकांसाठी खुला करावा.

आमच्या टेबलावर आलेले असे शेल मी फेकलेले नाहीत. प्रत्येकावर गाडीचा प्रकार, किलोमीटर, तेलाची प्रत आणि मोजलेली जाडी लिहून ठेवली आहे. आपल्या मंत्रालयाने किंवा एआरएआयने मागितले तर मालकांची संमती घेऊन ते सगळे स्वखर्चाने पाठवून देईन.

आपला नम्र,
एक क्रँक ग्राइंडिंग कारागीर
मिरज, जि. सांगली